इजा वगळून

मानेसरच्या कारखान्यातल्या दवाखान्याची बारा रजिस्टरं विनयाच्या ताब्यात आली ती ऑगस्ट २०१३ मध्ये. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनत. विनया गुडगावच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहायची. काम सरळ होतं. सहा वर्षांत दवाखान्यात आलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद कागदावरून डेटाबेसमध्ये न्यायची.

रजिस्टरं तिला दिली कंपाउंडर अंबादास जगदाळ्यांनी. खटाव तालुक्यातले, सैन्याच्या इस्पितळांत बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. विनयाचं आडनाव ऐकताच ते हिंदी सोडून मराठीत आले.

"पुण्याची का? बरं झालं. हे बघ पोरी, या पावतीवर सही कर. बारा रजिस्टरं, माझ्याकडून तुझ्याकडे. परत करशील ती माझ्याच हातात. आणि एक ओळ सुटता कामा नये."

"नाही सुटणार, काका."

त्यांचं अक्षर शाळेच्या फळ्यावर असावं तसं होतं. '१४ मार्च. रामसकल यादव, टोकन ४१७. प्रेस नंबर चार. डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापासून तुटली. मशीनला संरक्षक जाळी नव्हती.' अशा ओळी टाइप करताना सुरुवातीला विनयाचं जेवण जाईना. मग सवय झाली, आणि सवय झाली याचीच तिला लाज वाटायला लागली.

डेटाबेस निवडला होता तिचा टीम लीड पुष्करने. तो डोंबिवलीचा. पहिल्याच दिवशी त्याने समजावलं होतं, "जुन्या पद्धतीत तक्ता असतो, रकाने आधीच ठरवावे लागतात. इथे प्रत्येक नोंद म्हणजे सुटा कागद. कुणाला नुसता ताप आला, तर त्याच्या कागदावर चार गोष्टी. कुणाचा हात सापडला, तर दहा. डेटाबेस कुरकुर करत नाही. जे आहे ते टाकत जा."

विनया टाकत गेली. बटण दाबलं की पडद्यावर यायचं, 'नोंद जमा झाली.' सहा आठवड्यांत साडेनऊ हजार नोंदी झाल्या. त्यातल्या इजेच्या अकराशे सेहेचाळीस. तो आकडा तिने स्वतःच्या वहीत ठेवला होता.

एका मंगळवारी दुपारी अंबादासकाकांचा फोन आला.

"रामसकलला अपंगत्वाचा दाखला हवाय. अपघात कामावरच झाला याचा पुरावा मागतात. रजिस्टर तुझ्याकडे. तुझ्या त्या मशीनमधून कागद काढून देतेस?"

"आत्ता देते."

तिने टोकन नंबर टाकून शोधलं. नोंद सापडली. नाव, तारीख, 'मलमपट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन.' बस. बोटं नव्हती. प्रेस नव्हता. जाळीचा तर पत्ताच नव्हता.

आपल्याच हातून सुटलं असं वाटून ती घाबरली. तिने दुसरी नोंद काढली, तिसरी काढली. मग इजा लिहिलेल्या सगळ्या नोंदी मोजायला सांगितल्या. उत्तर आलं, शून्य.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली. फॉर्म आणि डेटाबेस यांच्या मध्ये पुष्करने चार ओळींचा कोड घातला होता. नोंद जमा होण्याआधी त्यातून 'इजा' आणि 'मशीन' या दोन गोष्टी काढून टाकायच्या, उरलेली नोंद आत ढकलायची, आणि पडद्यावर सगळं जमा झालं म्हणून सांगायचं. कोडची तारीख होती तिने काम सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

ती पुष्करच्या टेबलापाशी गेली.

"हे तू केलंस?"

त्याने पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची मागे घेतली. "अगं, क्लायंटची रिक्वायरमेंट आहे यार. त्यांच्या अर्पिता मॅडमनी सांगितलं, अपघात नकोत, फक्त औषधपाणी ठेवा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू टाइप करत राहिली असतीस?"

विनयाचे कान तापले. सहा आठवडे ती माणसांची तुटलेली बोटं एकेक करून लिहीत होती, आणि हा दोन टेबलं सोडून चहा पीत होता.

"आणि रजिस्टरं?"

"शुक्रवारी मॅडमकडे जातील. काम झालं की कागद नष्ट करायचे, असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय? ज्यांचे हात गेले त्यांचं?"

"विनया, आपण सॉफ्टवेअर बनवतो. कारखाना चालवत नाही."

"खोटं तर आपण बनवतोय ना!"

आसपासची माणसं वळून बघायला लागली. पुष्करने खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली.

तिने त्याच्या कोडला हात लावला नाही. तिने काढून टाकला असता, त्याने पुन्हा घातला असता. सही केलेली पावती तिच्याकडे होती. बुधवारी सकाळी तिने टॅक्सी केली, बारा रजिस्टरं मागच्या सीटवर रचली आणि ती मानेसरला गेली.

अंबादासकाकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला.

"माणसाचा हात जातो आणि हे लिहिणार मलमपट्टी! फौजेत असं केलं असतं तर माझं कोर्ट मार्शल झालं असतं."

रजिस्टरं आली ही बातमी तासाभरात ऑफिसात पोचली आणि कारखान्याच्या एचआर प्रमुख अर्पिता मॅडम स्वतः खाली आल्या.

"ये रजिस्टर मेरे ऑफिस में आने थे," त्या म्हणाल्या.

काका उभे राहिले. "मैडम, इन पर दस्तख़त मेरे हैं। अब ये फ़ैक्टरी इंस्पेक्टर के सामने ही खुलेंगे।"

"आपकी नौकरी का सोच लीजिए।"

"सोच लिया।"

मॅडमनी विनयाकडे पाहिलं. "और तुम? तुम्हारा इससे क्या लेना-देना?"

"मैंने लिखा है मैडम, एक-एक करके," विनया म्हणाली.

त्याच दुपारी दोघांनी इन्स्पेक्टरच्या नावे पत्र लिहिलं. आकडे विनयाच्या वहीतले, मजकूर काकांचा. सोबत रामसकलच्या पानाची साक्षांकित प्रत वेगळी काढली.

दुसऱ्या दिवशी विनयाला प्रोजेक्टवरून काढलं. दिवाळीनंतर तिने राजीनामा दिला आणि फरीदाबादला दुसरी नोकरी धरली. काकांचं कंत्राट डिसेंबरात संपलं, ते कुणी वाढवून दिलं नाही; रजिस्टरं मात्र त्यांनी आपल्याच ताब्यात ठेवली. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसरं नेऊन देताना काका तीन तास इन्स्पेक्टर साहेबांच्या दारात उभे राहिले.

जानेवारीत इन्स्पेक्टर आला. त्याने रजिस्टरं पाहिली, प्रेसचा विभाग पाहिला आणि चार मशीनं बंद करायला लावली. जाळ्या बसेपर्यंत ती नऊ दिवस बंद होती. रामसकलला दाखला मार्चमध्ये मिळाला.

त्याआधी जानेवारीतच पुष्करचा मेसेज आला होता, 'नो हार्ड फीलिंग्ज?' विनयाने तो दोनदा वाचला. हरियाणाच्या थंडीतही तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. तिने उत्तर दिलं, "आहेत. आणि राहणार."