नाव घातलेला टोप

मेलं ते भांड्यांवर नाव घालायचं वेड आपल्याच लोकांना! माझ्या लग्नात अम्मीने राजापूरच्या बाजारात ठाण मांडून एकूणएक भांड्यावर माझं नाव घालून घेतलं. 'परमुलखात चाललीस, टोप कुठेही गेला तरी तुझ्याकडे परत येईल,' म्हणाली. आला ना! भर मीटिंगमध्ये, साहेबाच्या पिशवीतून आला.

२००९ सालची गोष्ट. मंदी आली, दुबईतल्या क्रेन थांबल्या, माझ्या नवऱ्याची, लियाकतची, कंपनी बंद पडली. फ्लॅट आणि व्हिसा कंपनीचे, तेही गेले. फुजैराच्या बंदरावर त्याला नोकरी कबूल झाली होती आणि नवा व्हिसा 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' येणार होता. तोवर आम्ही दोघं आणि आमची लेक सुमैय्या, दुबईच्या देरा भागातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमागे वाळूच्या मैदानात गाडीतच झोपत होतो. सापडलो असतो तर फुजैरा खलास, थेट विमानात बसवलं असतं. नातेवाइकांकडे जावं तर त्यांच्याच खोल्यांवर धाडी पडत होत्या. आणि खरं सांगू? मला लाजही वाटत होती.

त्यात म्युनिसिपालिटीचा साहेब तक्रारी ऐकायला बिल्डिंगच्या हॉलमध्ये येणार असं कळलं. मैदानाचं काय ठरतं ते कानावर पडायला हवं होतं. अजून तिथेच राहते असा आव आणून मी सुमैय्याला घेऊन मागच्या खुर्चीत बसले.

आधी मेट्रोच्या कामाच्या धडधडीवर कटकट झाली. मग बसचा विषय निघाला. मेट्रोला जोडणाऱ्या बस मैदानातून सोडायच्या की रस्त्यावरून, यावर सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात ३०२ मधली अनुपमा उठली. पुण्याची बाई. माझ्या सुक्या बोंबलांच्या वासावरून दोन वर्षं माझ्याशी अबोला धरलेली.

"सर, मैदान में लोग गाड़ी में सोते हैं. सुबह-सुबह बर्तनों की आवाज़! नींद नहीं आती."

भवाने, ते बर्तन माझेच!

साहेबाने पिशवीतून टोप काढला. आदल्या पहाटे कुणाची तरी बॅटरी चमकली तशी मी तो मैदानातल्या नळावरच टाकून पळाले होते.

"ये वहाँ मिला. नाम लिखा है. कौन पढ़ेगा?"

टोप खुर्च्याखुर्च्यांवरून फिरला. मल्याळी, फिलिपिनो, लेबनीज, हिंदी सगळे बोलत, पण ती देवनागरी अक्षरं कुणालाच लागेनात. शेवटी तो अनुपमाच्या हातात गेला. तिने चष्मा लावला. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं स्वच्छ मराठी होतं: शहनाझ लियाकत पावसकर, राजापूर.

तिने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. या अल्ला, संपलं सगळं.

"अम्मी, लेट्स गो," सुमैय्या कुजबुजली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"अरे, ये तो मेरा है!" अनुपमा म्हणाली. "लिखा है ना, अनुपमा विजयकुमार, पुणे. कबूतरों को दाना डालने गई थी, नल पर भूल गई."

आत्ताच बर्तनांची तक्रार केलेली बाई! साहेबाने टोप तिला दिला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. मग म्हणाला, "ठीक है. मैदान कल सुबह खाली होगा, बस के लिए. और मॅडम, कल आपका फ्लॅट भी देखेंगे."

बाहेर जिन्यापाशी तिने माझा दंड धरला.

"मूर्ख आहेस का गं तू? एका शब्दाने सांगितलं नाहीस? लियाकतभाईंना बोलव आणि वर चल."

"अगं, उद्या ते तुझ्याच घरी येणार. आम्ही सापडलो तर भाऊजींचाही व्हिसा जाईल."

"कळतं मला." आता तीही माझ्याइतकीच घाबरली होती. "एक रात्र तरी पाठ टेकवा. पहाटे निघा. आणि बोंबील तळू नकोस."

स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या तिने दाराला कडी लावली आणि नवऱ्याच्या, विजयकुमारांच्या, हत्यारांतली कानस माझ्या हातात दिली.

"आधी हे नाव घालव. उद्या टोप दाखवा म्हणाले आणि कुणी वाचणारा घेऊन आले तर?"

मी सिंकपाशी उभी राहून घासायला लागले. बाहेर लिफ्ट वाजली की माझा हात थांबायचा, अनुपमा दाराशी जाऊन कान लावायची, आणि लिफ्ट वर गेली की मी पुन्हा घासायची. बोटं सोलली, 'राजापूर' गेलं, पण माझं नाव काही जाईना. अम्मीने कारागिराला बजावून सांगितलं होतं, खोल घाल म्हणून.