बठ्ठी बोली

रूपालीच्या ‘चिमणपाटी’ अ‍ॅपमध्ये पोरांशी बोलणारा आवाज सुनंदाबाईंचा आहे. पारोळ्याच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला, आणि रूपाली त्यांच्याच हाताखाली ग म भ न शिकली. घरी अहिराणी बोलणारं पोर शाळेत एकदम पुस्तकी मराठी ऐकतं आणि महिना-महिना तोंड उघडत नाही, हे बाईंनी दरवर्षी पाहिलं होतं. म्हणून चिमणपाटी आधी घरच्या बोलीत बोलते आणि हळूहळू पुस्तकाकडे नेते; सोबत मोजणी आणि पाढेही शिकवते. फोनवर चित्र येतं, बाईंचा आवाज विचारतो, “हाई काय शे?” म्हणजे, हे काय आहे? पोर उत्तर देतं, आणि बरोबर आलं की चिमणी टुणकन उडी मारते.

जळगावात दोन खोल्यांचं ऑफिस. रूपाली अ‍ॅप बनवते आणि तिचा आतेभाऊ ललित जाहिराती पाहतो. दिवाळीपर्यंत चार-दोन शाळा तरी मिळाल्या नाहीत तर ऑफिस बंद करून पुण्याला नोकरीवर परत जायचं, असं रूपालीने ठरवून टाकलं होतं.

त्यात धुळ्याच्या समाधानने ‘बोलीबाग’ नावाचं तसंच अ‍ॅप काढलं. तेवढ्यावर ललित गप्प बसला असता. पण एके सकाळी त्याने फोनवर ‘चिमणपाटी’ शोधलं, तर सगळ्यात वर झळकलं : ‘चिमणपाटी शोधताय? बोलीबाग घ्या!’

“हे असं कसं होतं रे?” बाईंनी विचारलं.

“बाई, शोधणाऱ्या कंपनीला पैसे भरले की दुसऱ्याचं नाव शोधलं तरी आपली जाहिरात वर येते.”

“म्हणजे मी तुझ्या नावाने हाक मारायची आणि ओ शेजारच्याने द्यायची!”

“तेच तर! आता बघा मी काय करतो.”

ललितने केलं ते असं. त्याने जाहिरात लिहिली : ‘बोलीबागला रावेरकडची बोली येत नाही. चिमणपाटीमा खान्देशनी बठ्ठी बोली शे!’ बठ्ठी म्हणजे सगळी. खाली उड्या मारणारी चिमणी. आठवड्याभरात रावेरहून फोन आला. मोतीलाल आबांच्या संस्थेच्या तिथे बारा प्राथमिक शाळा. आबा म्हणाले, “जाहिरात वाचली. आमच्याकडली बोली येणारं अ‍ॅप पाहिजेच होतं. शनिवारी या, एका वर्गात दाखवा. पोरांना जमलं तर बाराही शाळांत लावू.”

ऑफिसात त्या दिवशी पेढे वाटले गेले. बाईंना दोन मिळाले, कारण आवाज त्यांचा.

शनिवारी रूपाली आणि सुनंदाबाई सकाळच्या गाडीने रावेरला पोचल्या. शाळेसमोरून केळीच्या घडांनी भरलेले ट्रॅक्टर चालले होते. आबा ऑफिसात कुणाशी बोलत होते, त्यामुळे पहिलीच्या नूतन मॅडम दोघींना थेट वर्गात घेऊन गेल्या. अठ्ठावीस पोरं जमिनीवर फेर धरून बसली. पहिला मान पुनमला मिळाला. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि ‘मी, मी’ करून सगळ्यांच्या आधी उठलेली.

फोनवर पिवळंधमक केळं आलं. “हाई काय शे?”

पुनम हसली. रावेरच्या पोरीला हे विचारायचं! तिने खणखणीत सांगितलं, “केयं हाये!”

चिमणी हलली नाही. फोनमधून सुनंदाबाईंचा गोड आवाज आला, “चुकनं. परत सांग.”

“केयं हाये,” पुनम म्हणाली. मग जरा विचार करून, “पिकेल केयं हाये.”

“चुकनं. परत सांग.”

पुनमने फोनकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या खऱ्या सुनंदाबाईंकडे पाहिलं. आवाज तोच. ती खाली बसली आणि वेणीचं टोक तोंडात धरून गप्प झाली. वर्गात कुणीतरी कुजबुजलं, “व माय, मंग केयं नाही त काय हाये?” त्यानंतर बोट वर करायला कुणी तयार होईना.

रूपालीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. चिमणपाटी ‘शे’ची वाट पाहत होती, आणि रावेरची पोरं ‘हाये’ म्हणत होती. पारोळा, अमळनेर, धुळे इकडचं बोलणं अ‍ॅपमध्ये भरलं होतं. रावेरकडचं वेगळं असतं हे ऐकून माहीत होतं, पण ‘थोडंफार’ म्हणून सोडून दिलं होतं. आणि जाहिरातीत लिहिलं होतं, बठ्ठी.

“माझ्या भाचीसाठी मी बोलीबाग घेतलंय,” नूतन मॅडम भीतभीतच म्हणाल्या. “त्यात कसं आहे ते बघू या का?”

नको म्हणावंसं वाटलं, तरी रूपाली म्हणाली, “बघू या.”

बोलीबागने आंबा दाखवला. पुनम काही उठली नाही. दुसरा एक मुलगा मॅडमच्या मागे लपूनच बोलला, “आंबा हाये.” फोनमध्ये घंटा वाजली आणि कुणा बाईचा अस्सल रावेरी आवाज म्हणाला, “बराबर हाये रे राजा!”

रूपाली व्हरांड्यात आली आणि तिने ललितला फोन लावला.

“ललित, बोलीबागला रावेरची बोली येत नाही, हे तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? धुळ्याचा माणूस तो. त्याला कुठून येणार?”

“येते त्याला. आपल्याला येत नाही.”

ललितने विचारलं, “आबांनी पाहिलं का?”

“नाही. ते ऑफिसात आहेत.”

“मग झालं तर! दुसरी चित्रं दाखव, नुसत्या एका शब्दात उत्तर येईल अशी. नेटवर्क नव्हतं म्हण. पंधरा दिवसांत आपण रावेरी भरू आणि बठ्ठीची खरोखर बठ्ठी करू. बारा शाळा आहेत, रूपाली!”

रूपालीने फोन ठेवला. सुनंदाबाई दारात उभ्या होत्या.

“बाई, काय करू? आबांना सांगितलं तर संपलंच सगळं.”

“आबांचं नंतर बघू,” बाई म्हणाल्या. “ती पोरगी बघ. तिने बरोबर उत्तर दिलं आणि माझ्या आवाजाने तिला दोनदा चूक ठरवलं. तिला काय सांगायचं ते आधी ठरव.”

रूपाली वर्गात जाऊन पुनमसमोर मांडी घालून बसली. “पुनम, तुझं बरोबर होतं. आमच्या फोनलाच तुमचं बोलणं येत नाही.”

पुनमने वेणी तोंडातून काढली. “फोनले येत नाही?”

“नाही ना.”

“मंग त्याले शिकोना.”

“कोण शिकवणार? मला पण येत नाही.”

पुनमने आधी रूपालीकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मग सबंध वर्गाकडे. “आम्हाले येतं ना!”

त्याच वेळी मोतीलाल आबा दारात आले. पांढरी टोपी, हातात फोन. “काय मंडळी, उडाली का चिमणी?”

“नाही उडाली, आबा,” रूपाली उठून म्हणाली. आणि मग तिने न थांबता सगळं सांगितलं : आमच्या अ‍ॅपला रावेरची बोली येत नाही, बोलीबागला येते, आणि जाहिरातीत आम्ही नेमकं उलटं लिहिलं. “तपासून पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. जाहिरात आत्ता काढते.” तिने त्यांच्यासमोरच फोनवर ती बंद केली.

आबांनी चष्मा पुसला. “म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला बोलावलं, तीच तुमच्याकडे नाही?”

“नाही.”

“आणि हे सांगायला तुम्ही जळगावहून इथवर आलात!” आबांना हसू आवरेना. “त्या धुळेवाल्याचा नंबर आहे का? लावा. मोठ्या आवाजात.”

समाधानने दुसऱ्याच घंटीला फोन उचलला. रूपालीने नाव सांगून सरळ माफी मागितली.

“अहो ताई, माफी कसली!” तो गडबडला. “मीच तुमच्या नावावर माझी जाहिरात चढवून बसलोय. परवा आमची आजी, झुंबरआई, म्हणाली, लोकांच्या दारात उभा राहून स्वतःच्या घरचा पत्ता काय सांगतो रे? तेव्हापासून काढतो-काढतो म्हणतोय. आज काढतोच.”

“अरे समाधान,” आबा मध्येच बोलले, “मी रावेरहून मोतीलाल. इथे या ताईंनी त्यांची चूक सांगितली. तुझ्या अ‍ॅपात काय चुकतं ते सांग बरं.”

“आबा, जाहिरात करायची का उलटी?”

“आज वारच तो आहे असं समज.”

“मग ऐका. बोली आमची पक्की आहे, माझी मावशी तुमच्याच तालुक्यातली. पण पाढे! बारा चोकच्या पुढे गेलं की आमचं अ‍ॅप दोन पायऱ्या खाऊन एकदम बारा साते म्हणतं. पाढ्यांना चिमणपाटी घ्या. माझा पुतण्या चोरून तेच वापरतो.”

रूपाली इतकी मोठ्याने हसली की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत जमा झाली.

आबांनी नूतन मॅडमना विचारलं, सुनंदाबाईंशी दोन शब्द बोलले आणि निकाल दिला. पाढे आणि मोजणी बाराही शाळांत चिमणपाटीवर, सोमवारपासून. बोलण्याचे धडे बोलीबागवर. “आणि रूपालीताई, तुमची बोली तयार झाली की आणा. पास-नापास मी करणार नाही, हा वर्ग करेल. माझ्यापेक्षा कडक आहेत हे लोक.”

बारा शाळा! रूपालीने ललितला एका ओळीचा निरोप पाठवला आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. सुनंदाबाई पुनमजवळ बसल्या. बत्तीस वर्षं त्या पोरांकडून वदवून घेत आल्या होत्या. आज उलटं होतं.

“म्हणा,” पुनम म्हणाली, “माहं नाव सुनंदा हाये.”

“मन्हं नाव…”

“मन्हं नाही व! माहं, माहं!”

“माहं नाव सुनंदा शे.”

अठ्ठावीस पोरं जमिनीवर गडाबडा लोळली. पुनमने कपाळाला हात लावला आणि नूतन मॅडमना समजावणीच्या सुरात सांगितलं, “राहू द्या मॅडम, त्यांचा पहिलाच दिवस हाये.”