रुमाल बाहीत आहे

स्वमग्न मुलांच्या वाढदिवसांना जादूमावशीला मुद्दाम बोलावणं यायचं. ती ना माइक वापरायची, ना फुगे फोडायची. मूल टेबलाखाली जाऊन बसलं, तर तीही तिथेच बस्तान मांडायची.

त्या संध्याकाळी बब्बू आठ वर्षांची झाली होती. पुढेच बसून तळहात फडफडवत होती, मजेत होती. मावशीने लाल रुमाल गायब केला तशी ती ओरडली, "बाहीत आहे!"

खरंच बाहीत होता. मावशी खो खो हसली. मग नाणं नाहीसं झालं. "डाव्या मुठीत!" पाहुण्यांची पोरंही खिदळू लागली.

तेवढ्यात मोबाइलवर व्हिडिओ काढणारी आत्या उठली. "सगळा विचका करतेय कार्टी!" तिने बब्बूला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. "हं, आता चालू द्या."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालू काय द्या? वाढदिवस कुणाचा आहे?"

"अहो, तिला काय कळतंय!" बब्बूचे बाबा ओशाळं हसले. "पाहुण्यांना दाखवा की."

"तिला कळतंय म्हणून तर कोंडलीत!" मावशीने पेटी धाडकन मिटली, कडी काढली आणि आत गेली.

पलंगावर बब्बू स्वतःचं मनगट चावत होती. मागोमाग तिची आई आली, दार लोटलं. आता ही आभार मानणार, असं मावशीला वाटलं.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "तुम्ही चार शब्द सुनावून घरी जाल. उद्यापासून सगळे माझ्याच डोक्यावर मिऱ्या वाटणार."

"मग काय गप्प बसू?"

"मी बसतेय ना इतकी वर्षं!"

आई लेकीच्या शेजारी बसली, अंगाला हात न लावता. बब्बूला स्पर्श सोसत नसे. हळूहळू चावणं थांबलं. बाहेर आत्या कुणाला तरी सांगत होती, "आईनेच लाडावून ठेवलीय."

आई ताडकन उठून बाहेर गेली.

"वन्सं, लाडावलीय तर लाडावलीय. पण पुन्हा माझ्या लेकीला कोंडलंत, तर या घरात पाऊल टाकायचं नाही."

"अगं, चार लोकांत..." नवरा पुटपुटला.

"तुम्ही बोलूच नका. मघाशी तिला कोंडलं तेव्हा बसला होतात ना? बसूनच राहा."

पाहुणे चपला शोधू लागले. तेवढ्यात बब्बू दारात आली. "आता केक?"

आईने सुरी उचलली.