न झालेल्या वादसभेचे गुण

मी कॉलेजांचे विद्यार्थी उपक्रम विभाग तपासतो. विद्यार्थी संघटनेच्या निवडणुका, वादसभा, नाटक, बुद्धिबळ, सहली हे सगळं ज्या एका खोलीतून चालतं, त्या खोलीला शंभरपैकी गुण द्यायचे आणि काय सुधारायचं ते लिहून द्यायचं. आमची ही म्हणते, "तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तरी लोकांच्या खुर्च्या मोजत बसता." खोटं नाही. मोजण्याचाच मला पगार मिळतो.

या कॉलेजात मी पाच वर्षांनी दुसऱ्यांदा आलो होतो. या खेपेला नियम कडक होता. साठच्या खाली गुण गेले, तर विभाग बंद, खोली परीक्षेच्या गठ्ठ्यांना आणि ताईंची बदली प्रवेश अर्जांच्या खिडकीवर. ताई म्हणजे विभागप्रमुख. तिशीत रुजू झाल्या तेव्हापासून पोरं त्यांना ताई म्हणतात. आता चोपन्नाव्या वर्षीही कुणी त्यांना बढती देऊन मावशी केलेलं नाही.

दुपारी बारापर्यंत माझी बेरीज सहासष्टवर आली होती. त्यातले पूर्ण दहा गुण विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे. प्रत्येक कार्यक्रमाला जितकी हजेरी तितके फॉर्म, आणि सरासरी पाचपैकी साडेचारच्या वर. इतकं गोड मला पचत नाही, म्हणून मी गठ्ठे उलटे चाळायला घेतले.

चौदा तारखेची वादसभा. हजर ब्याऐंशी, फॉर्म ब्याऐंशी, गुण चार पूर्णांक नऊ. वर्षातला सर्वात आवडलेला कार्यक्रम. दुसऱ्या फाइलमध्ये इमारत देखभालीचं पत्र होतं: चौदा तारखेला छताचे पोपडे पडल्यामुळे सभागृह बंद. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ताई, ही वादसभा कुठे झाली?"

"झालीच नाही. पोरांना दारातूनच परत पाठवलं."

"मग हे ब्याऐंशी जण खूश कशावर झाले?"

"फॉर्म आम्ही आधी भरून घेतो ना. दारात सही, फॉर्म, मग आत. संपल्यावर कोण थांबतंय? प्रत्येकाला बस गाठायची असते."

"कार्यक्रम बघायच्या आधी?"

"पाच वर्षं तसंच चाललंय," त्या म्हणाल्या. पाणी उकळून प्यावं, हे सांगावं इतक्या सहज.

खरं सांगतो, मला आनंद झाला. असा मासा रोज गळाला लागत नाही. दहाच्या जागी शून्य मांडलं, बेरीज छप्पन्न झाली. "हे मला लिहावं लागेल," मी म्हणालो.

"लिहा की. पण तुम्हीच तर सांगितलं होतं."

त्यांनी ड्रॉवरमधून प्लास्टिकच्या कव्हरात जपलेला माझा जुना अहवाल काढला. सही माझी, अक्षर माझं. 'अभिप्रायाचे प्रमाण अकरा टक्के. अत्यंत असमाधानकारक. शंभर टक्के फॉर्म भरून घेण्याची व्यवस्था करावी, अन्यथा या सदरात शून्य गुण.' 'अत्यंत'खाली मीच दोन रेघा ओढल्या होत्या. ताईंनी व्यवस्था केली होती. कागदी घोडे मीच मागवले होते आणि आता त्यांना शेपूट का नाही म्हणून विचारत होतो. मला लाज वाटली. या कामात ती फारशी वाटत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

तीन वाजता संघटनेच्या उमेदवारांची भाषणं होती. मी म्हणालो, "आज फॉर्म नंतर घ्या."

"कुणी थांबणार नाही. तुमच्याच नियमाने शून्य पडेल."

"बघू."

ताई दारात उभ्या राहिल्या. हातात फॉर्म नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. दोनदा त्यांनी आत जाऊन सरळ असलेल्या खुर्च्या सरळ केल्या. सत्तर जण आले, सत्तर जण बसले, आणि टाळ्या थांबायच्या आत एकसष्ट जण जिन्यात होते. नऊ फॉर्म मिळाले.

खोलीत परत येऊन मी अहवाल लिहायला बसलो. नियमाने शून्यच होतं, पण ताईंचे गुण कापणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी लिहिलं: 'मागील तपासनिसाची सूचना चुकीची होती.' मग पहिले दोन शब्द खोडून 'माझी' लिहिलं. खाली सही केली, नऊ फॉर्म जोडावेत अशी नोंद केली आणि त्या नऊ फॉर्मांना दहापैकी सहा दिले.

"बासष्ट," मी ताईंना सांगितलं. "विभाग राहतोय."

त्यांनी मान हलवली, पण लक्ष फॉर्मांत होतं. "मागे ऐकू येत नाही, म्हणतोय हा. तीन वर्षं येत नाही." चष्मा काढून त्यांनी पुसला. "तीन वर्षं, सर. मला कुणी सांगितलं नाही."

सांगायची सोय कुणी बंद केली होती, ते त्या कव्हरात होतं.

नववा फॉर्म त्यांनी दोनदा वाचला आणि माझ्यापुढे सरकवला. 'ताई सगळं एकट्याच करतात. खुर्च्यासुद्धा. आम्हाला कामच नसतं, मग थांबायचं कशाला?'

त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं, आणि वाटलं असेलही. मग त्या सवयीने उठल्या, सभागृहातल्या खुर्च्या आवरायला. दारापाशी पोचल्या आणि थांबल्या. बाहेर कठड्याला टेकून तिघं गप्पा मारत होती.

"जरा खुर्च्या उचलता का रे?" ताई म्हणाल्या.

चोवीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं असावं, कारण तिघं आधी एकमेकांकडे बघत राहिली. मग आली.