वाटूरची हडळ

लातूरच्या भूकंपाच्या पुढच्या साली भुजंगबाबाने वाटूर फाट्यावर बस्तान मांडलं आणि आसपासच्या बायकांना एकाएकी भुतं लागायला लागली. दर गुरुवारी एवढी गर्दी की एसटीला वळायला जागा उरत नसे. परातीत पिवळं ‘तीर्थ’ असायचं. चेला बाईच्या तळहाताला अंगारा फासायचा आणि हात परातीत बुडवायला लावायचा. पाणी पिवळं राहिलं तर पितरदोष, लाल झालं तर हडळ. भुताला रंग असतो, हे ज्ञान वाटूरला बाबाकडूनच मिळालं.

द्वारकाबाईचा पितरदोष मागच्याच वर्षी निघाला होता. नवरा गेल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून रडत पडायची. अन्नावरची वासना उडालेली. आता ती सुनेला घेऊन आली होती. कुशावर्ता ओली बाळंतीण, पण रडत नव्हती. बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नसे. घरभर येरझाऱ्या घालायची, सारखा बाळाचा श्वास बघायची. विळी तिने कणगीमागे लपवली होती.

“आत्याबाई, माझ्या हातून लेकराला कायतरी होईल,” म्हणायची आणि त्याला उचलायला भ्यायची.

चेला अंगारा फासत असताना तिने घाबरून सासूचा हात धरला. मग तिचा हात परातीत गेला आणि पाणी लालभडक झालं.

“हडळ हाय. लेकरू खाणार,” बाबा म्हणाला. “त्याला अंगावर पाजू नका. अमावास्येला आणा, चिंचेच्या फोकानं काढतो.”

द्वारकाबाईच्या तळहाताला सुनेच्या हातचा अंगारा लागला होता. तो चुरचुरला, तसा तिने जिभेला लावून पाहिला. जीभ पोळली. पान खाणाऱ्या बाईला ही चव सांगावी लागत नाही. पुढच्या बाईसाठी मांडलेल्या परातीत तिने आपला हात घातला. पाणी लाल.

“महाराज, मागल्या साली माझं पाणी पिवळं राह्यलं. आज मलाबी हडळ लागली का?”

“सुनेची उडी मारून तुझ्यात आली,” बाबाने थाप ठोकली.

“मंग तुमचा हात द्या.” चेल्याच्या वाटीतला अंगारा तिने बाबाच्या तळहातावर चोळला आणि हात शेजारच्या पिवळ्या परातीत दाबला. तेही पाणी लाल झालं. गर्दीत कुणीतरी हसलं.

“तीर्थात हळद अन् अंगाऱ्यात चुना हाय,” द्वारकाबाई म्हणाली. “पिवळं ठेवायचं तर नुसती राख फासतेत. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतंय, कोणत्या बाईला ठावं न्हाई?”

दिवस मावळायच्या आत बाबा जीपमधून पसार झाला. हडळ काढणारा स्वतःच निघाला.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईने सुनेला परतूरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर गौहरबाईंनी दोघींना नीट विचारून घेतलं.

“दोघींचा आजार उदासीचाच,” त्या म्हणाल्या. “पण चेहरा येगळा. द्वारकाबाई, तुमचं रडू दिसतं. बाळंतपणानंतर पुष्कळदा हाच आजार काळजी होऊन येतो. जीव तळमळतो, मन ठरत नाही, नको ते विचार येतात. रडत नाही म्हणून कुणी ओळखत नाही. आणि विळी लपवणारी आई लेकराला खात नसते, जपत असते.”

“माझ्यावरबी औषध हाय?” द्वारकाबाईने हळूच विचारलं.

“बिलकुल हाय.”

औषधं चालू झाली. रात्रीचं लेकरू द्वारकाबाई सांभाळू लागली. काही महिन्यांनी कुशावर्ता बाळाला कुशीत घेऊन निवांत झोपायला लागली आणि सासू पुन्हा पोटभर जेवायला.

हडळ आजवर कुणी पाहिलेली नाही. आजारी बाई मात्र गल्लोगल्ली आहे. तिला दवाखान्यात न्या.