मलमाच्या डब्याचा जळफळाट

मी मलमाचा डबा बोलतोय. रुंद तोंडाचा, निळ्या झाकणाचा. स्वभाव विचाराल तर मत्सरी. लपवून काय उपयोग?

दवाखान्याच्या औषधखोलीत मला काठोकाठ भरलं आणि तीन आठवड्यांच्या एका मुलीच्या आईच्या हातात दिलं. मुलीला सगळे छकुली म्हणत. अंग लालभडक, टाळूपासून टाचेपर्यंत कातडीचे पापुद्रे सुटत होते. भुवयांना एक केस नव्हता. दर तीन तासांनी आई माझ्यात दोन बोटं बुडवायची, अंगभर चोपडायची, मग कुठे छकुलीचं रडणं थांबायचं. साबण, पावडर, तेल सगळ्यांची घरातून हकालपट्टी झाली होती. मी एकटा राजा! फक्त ती दुपटी डोळ्यांत खुपायची. काही न करता दिवसभर तिला बिलगून बसायची मेली.

आईला एक खोड होती. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या दिवशी ती पापुद्रे अलगद टिपून घ्यायची, नवं दुपटं काढायची आणि माझा जाड थर द्यायची. म्हणायची, "चारचौघांत लेकरू नीट दिसायला हवं." डॉक्टरीणबाईंना छकुली तुकतुकीत दिसायची. "सुधारतंय की! हेच मलम चालू ठेवा." मी फुगून टम्म. मधूनमधून ताप यायचा, जुलाब थांबत नव्हते, वजन जागचं हलत नव्हतं. "दात येत असतील," असा आत्याने निकाल दिला. तिसऱ्या महिन्यात!

एका सकाळी ताप इतका चढला, की आईने तिला होती तशीच उचलली. मी पिशवीत होतो, पण झाकण उघडायला वेळ कुणाला? डॉक्टरीणबाईंनी दुपटं बाजूला केलं आणि त्या अंग चाचपू लागल्या. मानेला, काखेत गाठी लागल्या.

"हे असं कधीपासून आहे?"

"पहिल्यापासूनच," आई पुटपुटली. "मी येताना पुसून आणायची."

रक्त तपासलं. रोगाशी लढायची ताकदच छकुलीच्या रक्तात जन्मापासून नव्हती. कातडी नुसती वरून ओरडत होती आणि मी तिचं तोंड दाबत होतो. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

मग दवाखान्यातली, जंतू आत येऊ नयेत म्हणून केलेली काचेच्या दाराची खोली आली. मला पुसपुसून आत घेतलं. छकुलीच्या सहा वर्षांच्या ताईचा बोन मॅरो, म्हणजे नवं रक्त तयार करणारा हाडांतला मगज, तिला जुळला.

"मी दिला तर मला कमी पडेल?" ताईने विचारलं.

"नाही गं, परत तयार होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग घ्या की!"

ताईच्या मगजाची लाल पिशवी दांडीला टांगली. चार तास नुसती लटकली आणि सगळं नाव तिचं झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतके महिने राबलो मी, आणि हात जोडले सगळ्यांनी तिला. पण खरं सांगू? पापुद्रे थांबले ते तिच्यामुळेच. किती आठवडे जिवाला घोर होता, पण थांबले.

आता छकुली घरी आहे. काल आईने हात धुतले, सवयीने माझं झाकण उघडलं आणि तशीच थांबली. झाकण परत लावलं. मग कोरडा तळहात तिच्या पाठीवरून फिरवला. छकुली खुदकन हसली, आई रडायला लागली. दुपटी, पिशवी यांचा काय हेवा केला मी? खरा जळलो तो त्या कोरड्या हातावर.

माझ्या तळाशी बोटभर मलम उरलंय, तेही पिवळं पडलंय. माझ्यात बटणं ठेवा, खिळे ठेवा, नाहीतर फेकून द्या. पण पाया पडतो, छकुलीसाठी मला पुन्हा भरून आणू नका.