गोंड्याची माळ आणि लाल सिलिंडर

मरोळच्या आमच्या छापखान्यात नलिनीला मी तोंडावर ‘बंबवाली’ म्हणायचो. काम तिचं बाइंडिंगचं, पण मालक केतनशेटनी आग विझवायचे सिलिंडर तपासायची जबाबदारी तिच्याकडे दिली आणि बाईनं आमचं डोकं खाल्लं. रोज संध्याकाळी तेच, चिंध्यांचा डबा रिकामा केला का? केला गं बाई, केला!

मी दशरथ, मशीनमन. दिवाळीला रिटायर. सत्तावीस वर्षं चालवलेलं ऑफसेट मशीन धडधाकट दुसऱ्याच्या हाती द्यायचं, एवढंच मनात होतं. म्हणून शेवटच्या दसऱ्याला ते घासलेटानं असं पुसलं, की पत्र्यात तोंड दिसावं.

“काका, दिवा बॅटरीचा लावा,” नलिनी म्हणाली. “घासलेटाच्या चिंध्या इथंच पडल्यात.”

“बॅटरीच्या दिव्यान देव पावता काय गो?” मी खेकसलो. चिंध्या पायानं मशीनखाली सारल्या आणि तुपाचं निरांजन लावलं.

पूजेत सगळ्यांना मान, म्हणून लाल सिलिंडरलाही हळदकुंकू लावलं, गोंड्याची, म्हणजे झेंडूची, माळ घातली. ती घसरू नये म्हणून वर सुतळीनं करकचून बांधली. चांगल्या पाच गाठी मारल्या.

आरतीत माझाच हात लागला आणि निरांजन खाली कलंडलं. चिंध्यांनी भप्पकन पेट घेतला. मी सिलिंडर उचलला, पिन ओढली, तर पिन येईचना! सुतळी नेमकी पिनेच्या कडीत अडकलेली. गाठ सुटेना, आणि मशीनखाली जाळ. “अरे देवा, माझं मशीन गेलं!” मी चक्क रडायला लागलो.

नलिनीनं मेन स्विच बंद केला, बाइंडिंगच्या कात्रीनं सुतळी कापली, पिन खेचली आणि जाळाच्या बुडाशी पावडर मारली. दहा सेकंदांत आग विझली. मशीन मात्र पांढरंफटक झालं.

केतनशेट धावत आले. “कोणाचा प्रताप हा?”

“माझा,” मी म्हटलं. “हिनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

नलिनी ब्रश घेऊन माझ्या शेजारी बसली. चार तास आम्ही मशीन झाडलं, पुसलं. एक वायर करपली होती, ती बदलली. बटण मी डोळे मिटूनच दाबलं. मशीन धडधडत सुरू झालं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पुन्हा पूजा मांडली. दिवा बॅटरीचा. झकास दिसत होता, खोटं कशाला बोलू? दरवर्षी नारळ मी वाढवतो. या वेळी तो नलिनीच्या हातात दिला. “घे गो, बंबवाली. आज मान तुझो.”

तिनं नारळ घेतला, पण फोडला नाही. “काका, आत्ता पुसलेल्या चिंध्या कुठायत?”

मी गपचूप उठलो आणि डबा बाहेर रिकामा करून आलो. तोवर सगळे आरतीसाठी थांबले होते.